अर्धा इंच सैल

दर बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गिरदावरसाहेब माझ्या दुकानाची पायरी चढायचे, काखेतली काळी शेरवानी टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, कमरेला अर्धा इंच सैल कर." पुढच्या बाजाराला तीच शेरवानी, तेच टेबल. "मास्तर, अर्धा इंच घट्ट कर." त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा सैल.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, म्हाताऱ्याचं पोट बिघडलंय. दुसऱ्या महिन्यात वाटलं, डोकं बिघडलंय. तिसऱ्या महिन्यात मी विचार करायचं सोडलं आणि गुमान शिवायला लागलो. बहात्तरच्या त्या दुष्काळात माझ्या मशीनखाली सरकवायला लातूरजवळच्या आमच्या मुरुडात दुसरं कापडच नव्हतं.

मी टेलर. दुकान म्हणजे बाजारातली सहा फुटांची फळी, वर पत्रा, मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि पुढं मशीन. ते मशीन आईनं तिच्या दोन शेळ्या विकून घेऊन दिलं होतं. आमच्या वस्तीतलं ते पहिलं मशीन, त्यामुळं ते घरी आलं तेव्हा बघायला नवरदेव आल्यागत गर्दी झाली होती. शेळ्या आईच्या लई लाडाच्या होत्या. ती रोज एकदा दुकानात यायची, मशीनवरनं हात फिरवायची आणि "चालू हाय न्हवं?" एवढंच विचारून जायची. त्या साली मी तिला रोज "हाव, चालू हाय" म्हणत होतो आणि मशीन कापडाशिवाय नुसतंच चालवून दाखवत होतो.

दुष्काळात माणूस आधी दागिना मोडतो असं म्हणतात. खोटं आहे. आधी तो नवा सदरा शिवणं बंद करतो. बार्शीचा एकजण मशीन बघून गेला होता. विकायचं आणि बायकोला, आईला घेऊन सोलापूरला गिरणीत जायचं, असं मी ठरवत आणलं होतं. एकदा हाटेलात चहा पिता पिता तसं बोलूनही गेलो. शेजारच्या बाकावर गिरदावरसाहेब बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्याच्या पुढच्याच बाजाराला ते शेरवानी घेऊन आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या टाळक्यात यायला पुढं बरेच दिवस लागले. टेलरला कापडाचं कळतं, माणसाचं उशिरा कळतं.

आता हे गिरदावरसाहेब कोण, ते सांगतो. निजामाच्या राजवटीत ते महसूल खात्यात गिरदावर होते. म्हणजे तलाठ्याच्या वरचे. घोड्यावरून गावोगाव फिरायचं, पिकं बघायची आणि दप्तरात लिहायचं. निजाम गेला, घोडा गेला, नोकरीही संपली, पण नाव गिरदावरच राहिलं. खरं नाव नरहरराव, हे मला त्यांच्या पेन्शनीच्या कागदावरनं कळलं. मूलबाळ नाही, बायको जाऊन बारा वर्षं झालेली. बाजाराच्या मागं दोन खोल्यांचं घर. अंगकाठी अशी की शेरवानी अंगात घातली तर ते तिच्यात हरवतील. म्हणूनच की काय, ती त्यांनी कधी माझ्यापुढं घालून दाखवली नाही. "ट्रायल घेऊ का साहेब?" म्हटलं की म्हणायचे, "ट्रायल घरी. तू फक्त हुकूम तामील कर."

त्यांच्या हातात बारमाही छत्री असायची. पाऊस नाही, ढग नाही, लोक आभाळाकडं बघायचंही विसरलेले, आणि हा माणूस छत्री घेऊन फिरायचा. तीही दर आठ दिवसांनी छत्रीवाल्याकडं दुरुस्तीला. मी एकदा विचारलं, "साहेब, दुष्काळात छत्री कामून दुरुस्त करायलाव?"

"दुष्काळात छत्रीवाल्याला कोण विचारतं?"

"कोणीच न्हाई."

"म्हणून मी विचारतो," असं म्हणून ते निघून गेले.

साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बाजार मुर्दा नाही, बेहोश आहे." दिवसातनं दहा वेळा. सकाळी हाटेलात, दुपारी पारावर, संध्याकाळी कुणाच्या मयतीला गेले तर तिथंही. "बेहोश माणसाला काय करतो आपण? तोंडावर पाणी मारतो. पाणी कुणी मारायचं? ज्याच्याकडं आहे त्यानं. आज कुणाकडं आहे? फक्त सरकारकडं. मग सरकारनं मारावं! आणि चमचा चमचा नाही, तांब्यानं!"

त्यांच्या विरुद्ध पार्टीला रामलिंगप्पा. धान्याचं दुकान, पांढरा फेटा, कपाळावर भस्म, घरात सात लेकरं आणि तोंडात कायम सुपारी. अप्पांचं म्हणणं उलटं होतं. शिवारात तेव्हा दुष्काळी कामं निघाली होती. माणसं रस्त्याकडंला बसून खडी फोडत होती. खडीचे ढीग वाढत होते आणि रस्त्याचा पत्ता नव्हता.

"ह्याला काम म्हनतेत का साहेब?" अप्पा सुपारी या गालातनं त्या गालात घेत म्हणायचे. "आज खड्डा खंदायचा, उद्या बुजवायचा. मोठ्या दगडाचा बारीक दगड करायचा. सरकारचं पानी वाळूत मुरायलंय. पाऊस पडल्याबिगर बाजार उठत न्हाई. लिहून घ्या."

"खडी फोडणारी बाई शनिवारी मजुरी घेऊन कुठं येते?"

"माझ्याच दुकानी येते की."

"मग ती खडी नसती तर तू आज माश्या मारत बसला असतास!"

"पर खडीचं पुढं काय?"

"खडी जाऊ दे चुलीत! त्या बाईच्या हातून रुपया बाहेर पडला, हे महत्त्वाचं. रुपया झोपला की गाव झोपलं, अप्पा. आणि तुझ्या गल्ल्यात तो घोरत पडतो!"

यावर हाटेलातले सगळे हसायचे. अप्पाही हसायचे, पण गल्ल्याच्या किल्लीवर हात ठेवून.

साहेबांचा नुसता बोलण्यावर भरवसा नव्हता. शेरवानीचा एक रुपया माझ्या हातावर ठेवताना ते अट घालायचे, "संध्याकाळच्या आत. मुरुडात." म्हणजे तो रुपया त्याच दिवशी, गावातच मोडायचा. आणि संध्याकाळी तपासणीला यायचे. खरंच यायचे! "कुठं मोडलास?" मी म्हणायचो, न्हाव्याकडं दाढी केली. मग न्हाव्याकडं. "तू कुठं मोडलास?" न्हावी म्हणायचा, गणपत कुंभाराकडनं चिलीम घेतली. मग छत्री टेकत गणपतकडं. जुन्या सवयीनं माणूस पिकाची पाहणी करावी तशी रुपयाची पाहणी करत हिंडायचा. तीन-चार दारं झाली की रुपया हमखास रामलिंगप्पांच्या दुकानी पोचायचा आणि तिथं पाहणी संपायची. साहेब दुकानापुढं उभे राहायचे, गल्ल्याकडं बघायचे आणि "झोपला," एवढं म्हणून घरी जायचे.

त्यांना एकच ध्यास लागला. अप्पांच्या गल्ल्यातला रुपया उठवायचा कसा?

आणि मग त्यांनी ते केलं, ज्यापायी सगळं गाव त्यांच्यावर उठलं.

एका बाजाराच्या दिवशी शेरवानी टेबलावर ठेवून ते हळूच म्हणाले, "मास्तर, कुणाला बोलू नको. लातूर जिल्हा होणार."

तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात. माझी सुई बोटात घुसली. "कोण म्हनलं?"

"मी महसुलातला माणूस. आम्हाला कळतं. पुढच्या बाजाराला मोठे साहेब जागा बघायला लातूरला जायचेत. रस्ता कुठून? आपल्या मुरुडातून. बाजारपेठ कशी आहे, माणसं कशी आहेत, सगळं बघणार. पण बोलू नको."

मी बोललो नाही. म्हणजे फक्त न्हाव्याला बोललो. नंतर कळलं की न्हाव्याला, गणपतला आणि हाटेलवाल्याला साहेबांनी स्वतःच वेगवेगळं गाठून "कुणाला बोलू नको" म्हणून सांगितलं होतं. गावात बातमी पसरवायची याहून चांगली रीत अजून निघालेली नाही.

दोन दिवसांत मुरुड बेहोशीतून उठून बसलं! पेठेतल्या दुकानांना चुना लागायला लागला. ज्याचं दुकान पडकं त्यानं भिंत लिंपून घेतली. गणपतनं रस्त्याच्या दोन्ही अंगाला ठेवायला कुंड्या घडवल्या. कुंड्यांत लावायला रोप नव्हतं आणि रोपाला घालायला पाणी नव्हतं, म्हणून बाभळीच्या फांद्या खोचायचं ठरलं. बॅन्डवाल्यांनी सनईची पत्ती बदलली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रामलिंगप्पांनी गल्ला उघडला. दुकानाला हिरवा रंग, नवी पाटी आणि पुढं चौदा हात लांबीची नवी कोरी कनात. कनातीचं काम माझ्याकडं!

"जिल्हा झाला की लातूरला कचेऱ्या येतील," अप्पा मला सांगत होते, "कचेऱ्या आल्या की सायेब लोक येतील, सायेब लोक खातेत किती! शिव तू. झालर लाव."

मी चार दिवस मशीनवरनं उठलो नाही. आई आली, तिनं मशीनवरनं हात फिरवला. त्या दिवशी तिनं काही विचारलंच नाही. नुसती शेजारी बसून राहिली आणि धागा तुटला की मला ओवून देत होती.

बाजाराचा दिवस उजाडला. सकाळपासून गाव रस्त्यावर. बॅन्ड तयार, हार तयार, बाभळीच्या फांद्या तयार. बारा वाजता उस्मानाबादच्या बाजूनं धुरळा उठला. जीप! बॅन्ड वाजायला लागला, पोरींनी ओवाळलं, रामलिंगप्पांनी पुढं होऊन आतल्या साहेबांच्या गळ्यात मोठा हार घातला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "सायेब, आमाला पदरात घ्या!"

जीपमधले साहेब बिचारे भांबावून हाराकडं बघत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचं असं स्वागत कुठल्याच गावानं केलं नव्हतं. बहुतेक गावांत त्यांना बघून गडीमाणसं शेतात पळायची. त्यांनी गहिवरून भाषण सुरू केलं आणि इकडं कुणीतरी जीपवरचा धुरळा फडक्यानं पुसला. खाली लाल त्रिकोण निघाला. कुटुंब नियोजनाची जीप होती. औषधं घेऊन लातूरच्या दवाखान्यात निघाली होती.

जीपमधल्या साहेबांनी अप्पांना प्रेमानं जवळ घेऊन विचारलं, "आपल्याला किती अपत्यं?"

अप्पांनी बोटं दाखवली. एका हाताची पुरली नाहीत. साहेब म्हणाले, "हरकत नाही, अजून वेळ गेलेली नाही," आणि अप्पांच्या हातात एक पाकीट ठेवून जीप निघून गेली. मोठे साहेब आले नाहीत. दिवस मावळला तरी आले नाहीत.

आता तुम्ही हसाल. आज मीही हसतो. पण त्या संध्याकाळी कुणी हसत नव्हतं. दुष्काळात रंगाला, चुन्याला, कुंड्यांना घरातलं शेवटचं किडूकमिडूक बाहेर काढलेली माणसं होती ती. "म्हाताऱ्यानं गावाला येड्यात काढलं!" "चला, इचारू त्याला!" पुढं रामलिंगप्पा, हातात ते पाकीट अजून तसंच धरलेलं. मागं गणपत, न्हावी, छत्रीवाला, हाटेलवाला, सगळी पेठ. मीही होतो. खोटं कशाला सांगू, मीही चिडलो होतो. बार्शीवाला पुढच्या बाजाराला शेवटचं विचारायला येणार होता. कनातीचं काम संपलं होतं आणि आता तशी दुसरी कनात कुणी शिवणार नव्हतं. चार दिवस आईला हसताना बघितलं होतं, ते सगळं लबाडीवर उभं होतं याचा मला राग आला होता.

साहेबांचं दार उघडंच होतं. त्यांच्या घरात याआधी आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. अप्पा शिरा ताणून "साहेब!" म्हणून आत शिरले आणि तिथंच थबकले. मागचे त्यांच्यावर आदळले.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका भिंतीला जमिनीपासून आढ्यापर्यंत मडकी. नवी, पाण्याचा थेंब न लागलेली. दुसऱ्या भिंतीला सुपं, टोपल्या, केरसुण्या. खुंट्यांवर दोरखंडांची वेटोळी. कोपऱ्यात नऊ पोळपाट, एकावर एक. मी मोजले. एकट्या माणसाच्या घरात नऊ पोळपाट! आणि या सगळ्यांच्या मधोमध फाटक्या सतरंजीवर साहेब बसलेले, कान तुटलेल्या कपातनं चहा पीत. मागं खुंटीला शेरवानी.

गणपत कुंभार मडक्यांच्या उतरंडीकडं गेला. एका मडक्याला बोट लावून म्हणाला, "हे माझं." दुसऱ्याला बोट लावलं. "हे बी माझं." बुरुडानं आपली सुपं ओळखली, सुतारानं पोळपाट ओळखले. ज्याला त्याला वाटत होतं की म्हाताऱ्याला फक्त आपल्याच मालाची गोडी आहे. मी शेरवानीकडं बघत राहिलो. मला एकदम हाटेलातला तो दिवस आठवला, मी सोलापूरला जायचं बोललो तो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रामलिंगप्पा मात्र वाणी माणूस. ते सरळ चुलीकडं गेले. चूल गार होती. बाजूचा डबा उघडून त्यांनी आत हात घातला. मूठभर ज्वारी आणि कागदाच्या पुडीत फुटाणे. त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली की डबा एकच आहे.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला होता, "महिना झाला, तुमी माझ्याकडनं ज्वारी न्हेली न्हाई. मी समजलो, दुसरीकडून न्हेतेत. कामून न्हेली न्हाई?"

साहेबांनी कप खाली ठेवला. आमच्या सगळ्यांकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "तुझ्या गल्ल्यात रुपया झोपतो रे, अप्पा."

ते पुढं म्हणाले, "चूक झाली माझी. खोटं बोलायला नको होतं. पण चार दिवस काय उठला होता बाजार! बघितलंत ना? मुर्दा नव्हता. बेहोश होता." मग एकाएकी त्यांच्यातला मूळचा खोडकर माणूस जागा झाला. "बरं, आलाच आहात तर उभ्याउभ्या एकेक पोळपाट घेऊन जा. जागा झाली की नवीन घेता येतील."

पोळपाट कुणी घेतला नाही. एकेक जण खाली मान घालून बाहेर पडला.

पुढच्या बाजाराला साहेब आले नाहीत. दहा वाजले, साडेदहा वाजले, टेबल रिकामं. दहा वाजता कुणी "अर्धा इंच" म्हणालं नाही तर बाजार भरल्यासारखा वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. अकराला बार्शीवाला आला. त्यानं मशीनचं चाक फिरवून बघितलं, पायडल दाबून बघितलं. आई कोपऱ्यात बसली होती. ती भिंतीकडं तोंड करून बसली.

तेवढ्यात पायरीवर सावली पडली. रामलिंगप्पा. काखेत त्यांच्या लग्नातला कोट, डांबराच्या गोळ्यांचा वास मारत असलेला. तो त्यांनी बार्शीवाल्याच्या पुढ्यात, मशीनवरच टाकला.

"टेलर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "अर्धा इंच सैल कर."

मी नुसता बघत राहिलो. ते ओरडले, "बगतो काय? ऐकू येत न्हाई का? आन हे बग, पुढच्या बाजाराला घट्ट करायचाय, ध्यानात ठेव!" त्यांच्या मागं न्हावी होता, हातात धोतर. त्याच्या मागं हाटेलवाला, पडद्याचं फडकं घेऊन. बार्शीवाल्याला वाटलं असेल, सगळं गावच येडं झालंय. तो चहाही न पिता एस.टी. धरून गेला. आईनं तोंड फिरवलं आणि मशीनवर हात ठेवला. "चालू हाय न्हवं?" मी म्हणालो, "हाव, आई." त्या साली पहिल्यांदा खरं बोललो.

जाताना अप्पा पायरीवर थांबले. "साहेबाला सांग, रुपया उठला म्हनावं."

त्यांचा रुपया मी अटीप्रमाणं संध्याकाळच्या आत, मुरुडात मोडला. अप्पांच्याच दुकानातनं ज्वारी घेतली, बायकोनं भाकरी थापल्या, वर लसणाची चटणी घातली आणि मी फडक्यात बांधून साहेबांच्या घरी गेलो. दारात माझे पाय अडखळले. ते ब्राह्मणाचं घर आणि भाकरी आमच्या चुलीवरची. ते काय म्हणतील?

साहेबांनी फडकं सोडलं, भाकरीचा वास घेतला आणि तिथंच मांडी घालून खायला बसले. अर्धी भाकरी संपल्यावर विचारलं, "ही कुठल्या पैशाची?"

"अप्पांच्या रुपयाची. कोट सैल केला त्याची."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे मी तुला दिला, तू न्हाव्याला, न्हाव्यानं गणपतला, गणपतनं अप्पाला, अप्पानं तुला..." आणि मग डोळे पुसत हसायला लागले. "मास्तर, माझा रुपया परत आला रे!"

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पुन्हा कधी तिचा विषय काढला नाही. निजामाच्या वेळी असाच एक दुष्काळ पडला होता. ते घोड्यावरून पाहणीला आपल्या स्वतःच्या, जन्माच्या गावात गेले. आधी तेली गेला होता, मग कुंभार, मग सुतार, मग सगळेच. देवळात दिवा नव्हता, घरात दिवा नव्हता. महसुलात अशा ओसाड गावासाठी एक शब्द असतो, बेचिराग. म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. "गावाच्या नावापुढं मी तो शब्द माझ्या हातानं लिहिला आणि खाली सही केली," ते म्हणाले. "चांगल्या अक्षरात लिहिला. तेव्हापासून कुणी गाव सोडतो म्हटलं की तो शब्द पुन्हा लिहावा लागेल असं वाटतं मला." एवढं बोलून त्यांनी उरलेली अर्धी भाकरी खाल्ली.

पुढच्या साली पाऊस झाला. बाजार भरायला लागला. तो पावसानं उठला, सरकारच्या खडीनं उठला की साहेबांच्या मडक्यांनी, यावर हाटेलात पुढची दहा वर्षं भांडण चाललं. अप्पा म्हणायचे पाऊस, साहेब म्हणायचे तांब्या. ते भांडण अजून मिटलेलं नाही. शेरवानी मात्र दर बाजाराला येत राहिली, सैल आणि घट्ट. अप्पांचा कोटही.

आणि दहा वर्षांनी खरोखरच बातमी आली की लातूर जिल्हा होणार. मुरुडात एकानंही विश्वास ठेवला नाही. न्हावी म्हणाला, "अप्पांनी तेवढं लपून बसावं म्हंजे झालं." पण या वेळी पेपरात छापून आलं. मग काय विचारता! नव्या कचेऱ्यांत शिपाई आले आणि शिपायांच्या खाकी गणवेशाचं थोडं काम माझ्याकडं आलं. आईच्या मशीनच्या शेजारी मी दुसरं मशीन घेतलं.

समारंभाला आम्ही साहेबांना लातूरला घेऊन गेलो. ऐंशीच्या घरात होते. त्यांनी शेरवानी घातली. दहा वर्षांत मी ती त्यांच्या अंगावर पहिल्यांदा बघितली. खांद्याला मोठी, बाहीला मोठी, पण कमरेला अगदी बरोबर! एका बाजूनं अप्पांनी धरलेलं, एका बाजूनं मी. मंडपात घोषणा झाली, टाळ्या पडल्या आणि साहेबांनी आमचे हात झिडकारून दोन्ही हात वर करून अशा जोरात टाळ्या वाजवल्या की शेरवानी पाठीत काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटली.

मी घाबरलो. साहेब मात्र मागं वळले. तोंडभर हसून, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं ओरडले, "मास्तर! काम निघालं!"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर होती. मी शिवण उलगडून बघितली. दहा वर्षांच्या सुया टोचून टोचून कापडाची चाळण झाली होती. नवा टाका घ्यायला जागाच नव्हती. शेवटी शिपायांच्या गणवेशातली खाकी चिंधी आतून लावली आणि तिच्यावर शिवण मारली. शिवताना मी रडत होतो, आणि आई शेजारी बसून धागा ओवून देत होती.

साहेब न्यायला आले. आतून खाकी बघून म्हणाले, "वा! सरकारी अस्तर! किती झाले?"

"एक रुपया, साहेब."

त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला, पण माझी मूठ सोडेनात. मीच म्हणालो, "संध्याकाळच्या आत. मुरुडात."

मग त्यांनी मूठ सोडली.